काडेपेटीतले रस्ते

चिमूटभर माती अंगठ्यात आणि तर्जनीत धरायची, उजव्या कानाशी न्यायची, डोळे मिटायचे आणि हलकेच चोळायची. मग निकाल. ‘बोलते,’ नाहीतर ‘मुकी आहे.’ तिसरा निकाल बाईंच्या कोर्टात नव्हता.

बोलणारी माती म्हणजे मुरूम. चाकाखाली करकरतो, चाक धरतो, पण अडवत नाही. मुकी म्हणजे काळी. कोरडी असली तर भेगेत चाक घालून तुम्हाला पाडते, आणि ओली झाली की सायकलच तुमच्या खांद्यावर बसते. हे मी पुस्तकात वाचलेलं नाही.

नगरात तेव्हा मुलींची एक शाळा होती. सातवी पास झालेल्या मुलींना शिक्षिका करून खेड्यापाड्यांत धाडणारी. मी तिथला कारकून आणि बाई भूगोल शिकवत. चाळिशीच्या, काटक, नाकावर उन्हाचा कायमचा डाग. नऊवारी नेसून पुरुषी सायकलवर टांग टाकत. भिंगारच्या बाजारातले लोक प्रथम थांबून बघायचे, नंतर नुसतेच बघायचे, आणि वर्षभराने ‘बाई, मागचं चाक हलतंय बरं का,’ असं सांगायला लागले. ‘कासोटा सायकलसाठीच निघालाय,’ बाई मला म्हणत. ‘तुम्ही पुरुषांनी तो उगीच उसना घेतलाय.’ असं म्हणत त्या साखळीत अडकलेला माझा कासोटा सोडवत असत, त्यामुळे प्रतिवाद करायची माझी स्थिती नसे.

त्यांच्या खोलीत पुस्तकांच्या वर एक लांब फळी होती. तिच्यावर काडेपेट्या. रिकाम्या नव्हेत, प्रत्येकीत एकेका वाटेची माती आणि वर शाईने नाव. ‘डोंगरगणची चढण’, ‘वांबोरी घाट’, ‘मुळेचं पात्र’, ‘सुप्याचा माळ’. रविवारी उपासना आटोपली की बाई भाकरी बांधून सायकलवर निघायच्या, आणि संध्याकाळी फळीवर एक डबी वाढायची.

तुम्ही म्हणाल, ही कसली हौस! मीही म्हणालो होतो. पण ती युद्धाची वर्षं होती. सडकेवरून लष्करी लॉऱ्यांच्या रांगा चालायच्या, रणगाड्यांनी खडी उपटून ठेवली होती. सर्व्हिस मोटारी कोळशाच्या गॅसवर चालत, म्हणजे चढ आला की उतारूंच्या खांद्यावर चालत. सडक अशी सरकारजमा झाल्यावर बाईंनी सडकेचा नादच सोडला. सफर ठरवायची झाली की त्या जमिनीवर बसून डब्या ओळीने मांडत. मधे चिंचोका ठेवला की तिथे पाणी. ज्वारीचा दाणा ठेवला की तिथे ओळखीचं घर. ‘मुरमानंतर लगेच वाळू येऊ द्यायची नाही, भाऊसाहेब. पाय रुसतात. डोंगर सकाळी घ्यायचा. दुपार कालव्याकाठी काढायची, झाडं असतात. आणि एका दिवसात दोन तऱ्हेचं रान दिसलं पाहिजे. डोळे रमले की पिंढऱ्या गप्प बसतात.’

मला त्या भाऊसाहेब म्हणत. आदराने म्हणत नव्हत्या, हे मला दोन वर्षांनी कळलं.

एकदा त्यांनी राहुरीकडे जायची वाट मला मांडून दिली. मधे एक वळसा होता. मी म्हटलं, ‘बाई, हा वळसा कशाला? शेतांतून सरळ गेलं तर कोस वाचतो.’ त्या म्हणाल्या, ‘परवा पाऊस झालाय. तिथली मुकी आहे.’ मी शहाणा. सरळ गेलो. शंभर पावलांत चिखलाने दोन्ही चाकं अशी धरली की सायकल आहे की जातं आहे, कळेना. खांद्यावर सायकल, हातात वहाणा, अशा थाटात मी राहुरीत शिरलो. वाटेत एका शेतकऱ्याने विचारलं, ‘पाव्हनं, ती तुमच्यावर बसलीया का तुमी तिच्यावर?’

बाईंचं एक पालुपद होतं. कुणीही काहीही ‘होत नाही’ म्हटलं की त्या शांतपणे विचारायच्या, ‘कोण म्हणतं?’ भांडणाचा सूर नसे. खरंच नाव हवं असल्यासारखा प्रश्न. नाव सांगितलं की त्या त्या माणसाकडे जाणार, ही भीती असल्याने कुणी नाव सांगत नसे.

शेवटच्या वर्षात सगुणा नावाची मुलगी होती. पारनेरच्या बाजूची, शेतकऱ्याची. बोलायला कमी, गणिताला तेज. तिला अकोले तालुक्यात, राजूरच्याही वर, एका डोंगरातल्या गावची शाळा मिळणार होती. ती बातमी ऐकून तिचा बाप शाळेत आला आणि कचेरीच्या ओट्यावर ठाण मांडून बसला.

‘बाई, पोरगी हुशार हाय, आमी कुटं न्हाई म्हनतो? पन तिकडं ना सडक, ना मोटार. हिला पोचवायची कुनी? आनायची कुनी? मी पेरणी सोडून येऊ व्हय?’

‘ती स्वतः जाईल,’ बाई म्हणाल्या.

‘बायमानूस येकटं? नगरापासून?’ म्हातारा हसला. ‘आसं हुत न्हाई, बाई.’

‘कोण म्हणतं?’

‘मी म्हनतो की! बाप हाय मी तिचा.’

इतक्या वर्षांत पालुपदाला पहिल्यांदाच सरळ उत्तर मिळालं. बाईंनी ओट्याच्या खांबाकडे पाहिलं. मग म्हणाल्या, ‘आणि तिच्या चाकांनी ती तिथे पोचली तर?’

‘पोचून दावू द्या. मंग मी आडवा येनार न्हाई. न्हाई पोचली, तर पुढल्या लगनसराईत तिचं लगीन.’

खांबाआड सगुणा उभी होती. तिने मान वर केली नाही, पण खांबाचा चुना नखाने खरवडत होती. बराच खरवडला. तो खांब माझ्या ताब्यात असल्याने मला आठवतंय.

बाईंनी त्याच संध्याकाळी डब्या मांडल्या. नगर ते राजूर, बाईंकडे सायकल शिकलेल्या तीन मुली, सडक टाळून. पण शाळेच्या मुली बाहेर न्यायच्या म्हणजे कमिटीची मंजुरी हवी. आणि कमिटीचे चेअरमन म्हणजे रस्तेबांधणीतून निवृत्त झालेले ओव्हरसीअर. त्यांचं सरळ मत होतं की जिथे त्यांनी रस्ता बांधलेला नाही तिथे रस्ता नाही.

आता माझी खरी कर्तबगारी ऐका. सभेच्या आदल्या दिवशी मी नोटीस द्यायला बाईंच्या खोलीत गेलो. बाई वर्गात होत्या. नोटीस ठेवायला वळलो, तेवढ्यात काखेतल्या छत्रीची मूठ फळीत अडकली आणि निम्मा जिल्हा माझ्या पायावर कोसळला. सात डब्या उघड्या पडल्या. मी केरसुणीने सगळं गोळा केलं आणि रंग बघून अंदाजाने भरलं. सहा डब्या भरल्या, सातवीला माती पुरेना. कचेरीच्या ओट्यावर क्रोटनच्या कुंड्या होत्या. मी मनाशी म्हटलं, माती ती माती, आणि एका कुंडीतली चिमूट घेऊन ‘वांबोरी घाट’ भरून टाकला.

सभेत चेअरमनसाहेबांनी चष्मा पुसत विचारलं, ‘नकाशा कुठाय?’

बाईंनी टेबलावर डब्या ओळीने मांडल्या. ‘हा.’

‘ह्या काडेपेट्या आहेत.’

‘रस्ते आहेत, साहेब. उघडून बघा.’

साहेबांनी नेमकी ‘वांबोरी घाट’ उघडली. आत काळीभोर, मऊ माती. जन्मभर घाट खणलेला माणूस तो. त्यांनी डबी सभासदांना दाखवली. ‘वांबोरीच्या घाटात वांगी लावायला हरकत नाही.’ सगळे हसले. बाईंनी डबी घेतली, चिमूट कानाशी नेली आणि डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं. मी आढ्याला किती वासे आहेत ते मोजू लागलो.

त्यांनी माझं नाव घेतलं नाही. पदराचा शेव उचलून त्यांनी डोळ्यांवर घट्ट बांधला आणि म्हणाल्या, ‘साहेब, नावं वाचू नका. डब्या हव्या तशा मिसळा आणि एकेक हातात द्या. तुम्हाला माती कळते. मी चुकले तर सफर रद्द.’

साहेबांना असला खेळ आवडला. त्यांनी पहिली दिली.

‘सुप्याचा माळ. बोलते.’

साहेबांनी स्वतः चिमूट चाचपली आणि मान हलवली.

‘राहुरीअलीकडची काळी. मुकी. पाऊस झाला की दोन दिवस लांब राहायचं. काही भाऊसाहेब राहत नाहीत.’

‘मुळेची वाळू. उतरून चालायचं.’

‘ही... ही दोन रस्त्यांची भेळ आहे. डोंगरगण आणि प्रवरेचा कालवा. शिवाय केरसुणीची काडी.’

साहेब आता खुर्चीच्या टोकावर आले होते. शेवटी त्यांनी वांगीवाली डबी दिली. बाईंनी चोळली, वास घेतला, पुन्हा चोळली.

‘ही कुठल्याच रस्त्याची नाही. हिच्यात शेणखत आहे. ही आपल्या ओट्यावरच्या क्रोटनची. डावीकडून तिसरी कुंडी. तिला पाणी जास्त होतं.’

कुंड्यांना पाणी घालणारा मीच. सगळ्या सभेने माझ्याकडे पाहिलं. मग चेअरमनसाहेब हसले. त्यांना हसताना मी तोवर पाहिलं नव्हतं, आणि माझ्यावर हसताना पाहावं लागेल असंही वाटलं नव्हतं.

मंजुरी मिळाली, पण साहेबांनी ठरावात दोन मेखा मारल्या. एक, सफर संगमनेरपर्यंतच. त्यापुढे डोंगर, जबाबदारी नको. दोन, बरोबर एक जबाबदार पुरुष हवा.

‘कोण?’ बाईंनी विचारलं.

‘हे जातील,’ साहेबांनी माझ्याकडे बोट केलं.

‘जबाबदार म्हणालात ना साहेब?’ बाई म्हणाल्या.

दिवाळी झाल्यावर निघालो. भिंगारच्या सायकलवाल्याने तीन जुन्या सायकली मुलींना दिल्या; टायर मिळत नव्हते म्हणून फाटक्या जागी आतून चामडं शिवून दिलं. डोंगरगणच्या झऱ्यावर भाकरी खाल्ली. वांबोरीच्या घाटात मुरूम असा बोलत होता की मुलीही बोलायच्या थांबल्या. मुळेच्या वाळूत सायकली हातात धरून गेलो. पुढे उसाच्या रानातून कालव्याकाठची वाट लागली. पाणी आपल्या बाजूने, आपल्याच वेगाने चाललेलं. पाटकऱ्याने हटकलं, ‘ही सरकारी वाट हाय, बाया!’ बाई न उतरता म्हणाल्या, ‘आम्ही कुठे उचलून नेतोय?’

तिसऱ्या दिवशी संगमनेर. मी सुटकेचा निःश्वास टाकला. माझ्या बैठकीला खोगिराची कळा आली होती. सकाळी मी सायकल नगरच्या दिशेला तोंड करून लावली. सगुणाने तिची पश्चिमेला तोंड करून लावली होती. ती नुसती हँडल धरून उभी.

मी म्हटलं, ‘बाई, इथून परत. ठरावात लिहिलंय.’

‘काय लिहिलंय?’

‘रस्ता संगमनेरला संपतो.’

‘कोण म्हणतं?’

‘कमिटी म्हणते.’

बाईंनी पिशवीतून एक रिकामी काडेपेटी काढली. तिच्यावर नगरलाच नाव लिहून ठेवलेलं होतं: ‘राजूरच्या वर’. म्हणजे नगर सोडायच्या आधीच बाईंनी आपला ठराव केला होता.

‘भाऊसाहेब, तुम्ही इथे थांबलात तर तुमची नोकरी शाबूत राहील. मी रागावणार नाही.’ मग सगुणाकडे वळून म्हणाल्या, ‘तू पुढे हो. वाट तुझी आहे. आम्ही मागून येतो.’

मी का गेलो? धैर्याने गेलो असं लिहायची फार इच्छा आहे. पण खरं असं की एकट्याने नगरला परत जायची वाट मला ठाऊक नव्हती. डब्या बाईंकडे होत्या.

अकोल्यापुढे रान बदललं. माती तांबडी झाली. बाजूला भाताची खाचरं, समोर डोंगर अंगावर आलेले, हवेत गारवा. सगुणा सगळ्यांत पुढे. चढावर उतरायची, ढकलायची, पुन्हा बसायची. एका ओहोळात मी माझ्या परंपरेला जागून सायकलसकट आडवा झालो आणि तांबडा होऊन उठलो. दिवस कलताना ते गाव आलं. सारवलेली एक खोली, तिला कुलूप, आत शाळा. सगुणाने सायकल भिंतीला टेकवली, खिडकीच्या गजांतून आत पाहिलं आणि विचारलं, ‘बाई, फळा लहान आहे. मोठा मागता येईल?’

चार दिवसांत तिने उच्चारलेलं सर्वांत लांब वाक्य ते. बाई खाली बसल्या, माती उचलली, कानाशी नेली. चोळतच राहिल्या. मला वाटलं मुकी निघाली. मग पाहिलं तर बाईंचे डोळे भरले होते. ‘बोलते,’ त्या म्हणाल्या, आणि डबी भरली.

राजूरच्या टपालात सगुणाने बापाला कार्ड टाकलं. एकच ओळ: ‘पोचले.’

परतीच्या वाटेवर मी बाईंना शब्द दिला की कमिटीला काही कळणार नाही. अहवाल मी लिहीन. लिहिलाही, संगमनेरला असा काही वळवला की वाचणाऱ्याला घेरी यावी. धोतर जाळलं. सायकल घासूनपुसून लख्ख केली. अहवाल द्यायला त्याच सायकलवरून साहेबांच्या घरी गेलो. साहेबांनी अहवाल वाचला, ‘छान’ म्हणाले आणि मला निरोप द्यायला अंगणात आले. तिथे वाकून त्यांनी माझ्या मडगार्डच्या आत बोट घातलं. वाळलेला तांबडा पोपडा निघाला. साहेबांनी तो चुरला. आणि, तुम्हाला खरं वाटणार नाही, कानाशी नेला.

‘संगमनेरची माती तांबडी कधीपासून झाली?’

मडगार्ड आतूनही पुसायचं असतं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

बाईंना बोलावणं गेलं. मी दाराबाहेर उभा होतो. ‘बाई, तुमचा कान खरा आहे,’ साहेब म्हणत होते. ‘पण ठराव माझा आहे. चूक झाली एवढं लिहून द्या. मी विसरतो.’

‘मुलगी पोचली, साहेब. चूक कुठे झाली ते दाखवा, लिहून देते.’

‘तर मग बदली करावी लागेल. जामखेडच्या पलीकडे. तिथे काही नाही.’

‘कोण म्हणतं?’

बाहेर आल्या तेव्हा मी तोंड लपवायला जागा शोधत होतो. त्या म्हणाल्या, ‘अहो, बरंच झालं. जामखेडची डबी माझ्याकडे नव्हतीच.’

सगुणाचा बाप पुढच्या आठवड्यात आला. डोक्यावर वळकटी. ती ओट्यावर टाकून म्हणाला, ‘पोचली म्हनं पोरगी. शबुद तो शबुद. पन बाई, सायकलवर गादी कशी न्यायची, त्ये सांगा आता.’ बाईंनी त्याला वळकटी मागे कशी बांधायची ते दोरीने दाखवलं. त्याने तीनदा बांधून, तीनदा सोडून पाहिली.

बाई सायकलनेच गेल्या. मागे फळी आडवी बांधलेली, पिशवीत डब्या. मी म्हटलं, ‘मोटारीने सामान पाठवतो.’ त्या हसल्या आणि चांदणीचौकापुढे दिसेनाशा झाल्या. मग पत्र आलं. जामखेडच्या वाटेत निजामाचा मुलूख लागतो. नाक्यावरच्या शिपायाने सगळ्या डब्या उघडायला लावल्या, आणि मातीवर जकात किती याचा तासभर कागदात शोध घेतला. ‘शेवटी मला त्याची दया आली,’ बाईंनी लिहिलं होतं. ‘त्याला त्याच्याच नाक्यावरची माती कानाशी धरायला शिकवलं. म्हणाला, बोलती है.’

युद्ध संपलं, मग झेंडाही बदलला. तिकडून दर थंडीत एक काडेपेटी टपालाने यायची. एका थंडीत आली नाही. मी म्हटलं, टपाल तुंबलं असेल. पुढच्या थंडीत सगुणा आली. सायकलवर, मागे तीच लांब फळी. बाई हिवतापाने गेल्या होत्या. डब्या सगुणाच्या शाळेला द्यायला सांगून गेल्या होत्या. राजूरवरून जामखेडला जाऊन ती त्या घेऊन परत निघाली होती. मी विचारलं, ‘एकटी?’ तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी चहा सांगायला उठलो.

जाताना तिने एक डबी माझ्या टेबलावर ठेवली. ‘ही तुमची. वेगळी ठेवली होती.’

आत काळी माती. वर बाईंचं अक्षर: ‘कचेरीतली कुंडी. मुकी. रस्त्याला निरुपयोगी.’ आणि खाली, वेगळ्या शाईत, केव्हातरी नंतर लिहिलेलं: ‘तरी राजूरपर्यंत आली.’

ती डबी अजून टेबलावर आहे. नव्या कमिटीतल्या एका गृहस्थांनी परवा ती उचलली. म्हणाले, ‘ही घाण इथे कशाला? कचेरीत माती ठेवता येत नाही.’

मी चष्मा काढला, त्यांच्याकडे पाहिलं आणि शक्य तितक्या शांतपणे विचारलं, ‘कोण म्हणतं?’